टिचकीपुरतं

टिचकीबाईंना टिचकीबाई का म्हणतात, हे त्यांच्या घरी घटकाभर बसलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. बाजारात कलिंगडावर टिचकी तर सगळेच मारतात. बाई भिंतीवरच्या घड्याळावर मारतात, मिचमिचणाऱ्या दिव्यावर मारतात, पाण्याच्या पिंपावर मारतात, आणि सासूबाई दुपारी जरा जास्त वेळ झोपल्या की त्यांच्या खाटेच्या कडेवरसुद्धा मारतात. सासूबाई डोळे न उघडता म्हणतात, "आहे गं, आहे अजून. जा, तुझं काम कर."

दोष बाईंचा नाही, धंद्याचा आहे. बाई ज्या प्रयोगशाळेत नोकरीला आहेत तिथे बाजारात येण्याआधी नवी नवी रसायनं तपासायला येतात. कपडे धुवायची पावडर, रंग, कीड मारायचे फवारे, काय वाटेल ते. वापरून झालं की हे सगळं शेवटी जातं कुठे? पाण्यात. तेव्हा पाण्यातल्या जिवांना ते किती बाधतं, हे आधी बघायचं. त्यासाठी बाई पाणपिसवा पाळतात. पाणपिसू म्हणजे तिळाएवढा जीव, काचेसारखा आरपार. एक काळा डोळा, पोटात हिरवी रेघ, म्हणजे खाल्लेलं शेवाळ, आणि पाठीशी धडधडणारं काळीज. भिंगाखाली धरली तर तेही दिसतं. एरवी ही बया पाण्यात सारखी टुणटुण उड्या मारत असते. बाई त्यांना "माझ्या पोरी" म्हणतात आणि त्याच पोरींना विषात सोडतात. त्याबद्दल कुणी छेडलं तर म्हणतात, "तुमच्या पोरांनी प्यायच्या आधी माझ्या पोरी पितात. उपकार माना."

रीत साधी आहे. दगडी ओट्यावर काचेचे पेले ओळीने मांडायचे. पहिल्यात निव्वळ पाणी, पुढच्यांत रसायन चढत्या मात्रेने. प्रत्येकात पिसवा सोडायच्या आणि दोन दिवस वाट बघायची. मग पेल्यावर हलकी टिचकी मारायची आणि मनात पंधरापर्यंत मोजायचं. तेवढ्यात जी हलली ती जिवंत. जी हलली नाही ती "थांबली". मेली असं म्हणायचं नाही, कारण इतक्या लहान जिवाचं मरण नक्की कधी होतं, या वादात कुणाला पडायचं नसतं. हललीस? मग पास. बाईंची टिचकी इतकी मोजकी पडायची की प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, नव्या लोकांना ती मुद्दाम बघायला उभं करत. बाईंना त्याचा ताठा होता, आणि तो त्या लपवतही नसत.

आता बाईंच्या नवऱ्याविषयी. गावाला लागून मोठं तळं आहे आणि त्यात नावाडीबुवांची नाव चालते. पायाला भिंगरी, तोंडात शीळ. एकच चाल, आणि तीही अर्धी. शेवटची ओळ त्यांना कधी जमली नाही. लग्न झाल्यापासून बाई ती अर्धी चाल ऐकत आल्या होत्या. "एकदा तरी पुरी करा हो, जीव टांगणीला लागतो," म्हणायच्या. बुवा म्हणायचे, "पुरी केली तर तू ऐकायची थांबशील."

तळं अलीकडे पाणवेलींनी भरून गेलं होतं. वल्हं अडकायचं, मासे वर येऊन तोंड उघडायचे. गाव कंटाळलं होतं. मग एका कारखान्याने पाणवेली मारायची निळी भुकटी आणली. तळ्याच्या कडेला बांध घालून वेगळं केलेलं एक खाचर होतं. त्यात आधी थोडी टाकून बघायची, आणि तिकडे प्रयोगशाळेने होकार दिला की सगळ्या तळ्यात. खाचरात भुकटी कालवायचं काम नावाडीबुवांनी घेतलं. हातमोजे मिळाले होते, ते त्यांनी नावेच्या टोकाला अडकवून ठेवले. संध्याकाळी निळी बोटं घेऊन घरी आले.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "मोजे कुठेत?"

"अगं, मोज्यातून कालवलं की गुठळ्या कळत नाहीत."

"उद्या गुठळी तुमच्या डोक्यात होईल तेव्हा कळेल."

बाई रागावल्या, साबण दिला, आणि विसरल्या. निळा रंग नखांच्या कडेने राहिला तो राहिलाच.

तीच भुकटी बाईंच्या ओट्यावर आली होती. पेले लागले, पोरी उतरल्या, दोन दिवस गेले. बाईंनी टिचकी मारली. पहिल्या पेल्यात सगळ्या हलल्या. दुसऱ्यात हलल्या. शेवटच्या, सगळ्यात कडक पेल्यात पाण्याला शाईसारखी झाक होती, तिथेही एकूण एक हलली. बाईंना वाटलं आपलंच काही चुकलं. पुन्हा मारली. पुन्हा सगळ्या हलल्या.

"अमृत दिसतंय," बाई मोठ्या बाईंना म्हणाल्या.

"अमृतसुद्धा दोनदा तपासायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "परत लावा पेले. मग कळवू कारखान्याला."

त्या पेल्यांमध्ये काहीतरी खटकतंय असं बाईंना वाटलं होतं, पण काय, ते सांगता येईना. ओटा फार शांत वाटत होता, एवढंच. ओटा काय बोलणार, असं म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं.

घरीही शांतता आली होती, आणि खरं सांगायचं तर बाईंना ती गोड लागली. नावाडीबुवा अख्ख्या आयुष्यात एका हाकेत कधी उठले नव्हते. "अहो, पाणी भरा" म्हटलं की "आलो" म्हणायचे आणि तासाने यायचे. आता म्हटलं की उठत. "अहो, जेवा" म्हटलं की जेवत. "अहो, दार लावा" म्हटलं की दार लागे. सुंठीवाचून खोकला गेला, असं बाई शेजारणीला सांगून आल्या. शेजारीण म्हणाली, "कसली भुकटी आहे ती? आमच्याकडेही द्या चिमूटभर." दोघी पोट धरून हसल्या. शीळ बंद झाली होती, हे त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंच्या मात्र आलं. "हा नुसता बसतो गं," त्या म्हणाल्या. "तू गेलीस की बसतो, तो तू आलीस की उठतो. मधे असतो कुठे?"

"वय झालं आता, आई. बसतील नाही तर काय."

"वय माझं झालंय. मी पण खाटेवर कूस बदलते."

एके दिवशी सकाळी बाई डबा भरत होत्या. नावाडीबुवा खिडकीशी सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "अगं, त्या खाचरातले बेडूक ना..." बाईंना उशीर झाला होता. "संध्याकाळी सांगा," म्हणून त्या निघाल्या. संध्याकाळी परत आल्या, डब्याचं झाकण हातातून निसटून खणखणलं, आणि खिडकीकडून आवाज आला, "...इतके शहाणे झालेत! पाय आपटल्याशिवाय एक हलत नाही." आवाजाचा चढ तोच, हसूही तेच. सदऱ्याची वरची दोन बटणं लागलेली, तिसऱ्यावर बोटं.

"सकाळची गोष्ट आत्ता सांगताय?" बाई म्हणाल्या.

"कुठली सकाळ?" नावाडीबुवांनी विचारलं आणि तिसरं बटण लावलं.

बाई घाबरल्या. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर भला माणूस. त्यांनी नावाने हाक मारली, बुवांनी वर पाहिलं. डोळ्यांवर उजेड मारला, बाहुली आक्रसली. रबरी हातोडी गुडघ्यावर ठोकली, पाय टणकन उडाला.

"घोड्यासारखे आहेत," डॉक्टर म्हणाले. "थकवा असेल. चार दिवस त्या खाचरावर पाठवू नका."

बाईंच्या जिवात जीव आला. ठोकलं, हललं, पास. याहून मोठा दाखला त्यांना तरी कुठला ठाऊक होता? घरी येताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "उगीच घाबरवलंत मला." नवरा "हं" म्हणाला.

दुसऱ्या तपासणीचे दोन दिवस भरले त्या सकाळी भाजी चिरताना बाईंचं बोट कापलं. नेमकं टिचकीचं. जाडजूड पट्टी बांधून त्या ओट्यापाशी आल्या आणि अडल्या. डाव्या हाताने मारलेली टिचकी त्यांना पटत नसे. मोठ्या बाईंना बोलवावं म्हणून गेल्या, तर त्या फोनवर. हाताने खूण केली, आलेच. तेव्हा बाई स्टूल ओढून ओट्यासमोर बसल्या. करायला काही नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या पेल्यांसमोर हात न लावता कधी बसल्याच नव्हत्या.

निव्वळ पाण्याच्या पेल्यात पोरी टुणटुणत होत्या, वर, खाली, एकीच्या अंगावरून दुसरी. बाईंनी नजर पुढच्या पेल्याकडे नेली.

तिथे सगळ्या थांबलेल्या होत्या. तळाला पडलेल्या नव्हत्या. पाण्याच्या मधोमध, एकाच उंचीवर टांगल्यासारख्या, आणि सगळ्यांचे काळे डोळे एकाच बाजूला. बाईंनी पुढचा पेला पाहिला. तसंच. त्याच्या पुढचा. तसंच. त्यांनी भिंग लावलं. काळजं धडधडत होती. बाईंनी मनात पंधरापर्यंत मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं. एकीनेही हातपाय हलवले नाहीत. त्या ज्या बाजूला बघत होत्या, त्या बाजूला बाई बसल्या होत्या.

"झालं का?" मागून मोठ्या बाई आल्या. त्यांनी हात पुढे केला, टिचकीसाठी.

"नको!" बाई ओरडल्याच. "मारू नका. नुसतं बघा."

दोघी नुसत्या बघत बसल्या. बराच वेळ. मग आतल्या खोलीत कुणीतरी दार आपटलं, ओटा किंचित थरथरला, आणि भुकटीच्या पेल्यांतल्या सगळ्या पिसवा एकदम उडाल्या. चार-दोन उड्या, अगदी जोमाने. मग पुन्हा त्याच उंचीवर, त्याच बाजूला तोंड करून थांबल्या.

मोठ्या बाईंनी एक पिसू चिमुकल्या नळीत ओढून भिंगाखाली घेतली. पोटातली हिरवी रेघ नव्हती. पाण्यात शेवाळ होतं, तोंडाशी होतं, आणि ही उपाशी होती.

"मीही आयुष्यभर टिचकीच मोजली," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "रीतीप्रमाणे या पास आहेत."

"बाई, तळ्याला टिचकी कोण मारायला जाणार?"

मोठ्या बाई उठल्या. आत गेल्या, फोन उचलला आणि कारखान्याला नकार कळवला. तिकडून बरीच आदळआपट झाली असावी, कारण मोठ्या बाईंचा आवाज चढला, आणि तो कधी चढत नसे. "मेली नाही म्हणजे जगली, असं नाही होत," त्या म्हणत होत्या. "एक कणसुद्धा तळ्यात जाणार नाही." तळं वाचलं. बाईंना ते ऐकू आलं आणि बरं वाटायच्या आतच त्यांना घर आठवलं. पाय आपटल्याशिवाय न हलणारे बेडूक. तिसऱ्या बटणावरची बोटं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? बाईंनी पदर खोचला आणि त्या भर दुपारी घराकडे धावत सुटल्या.

सासूबाई दारातच होत्या. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि चपला हातात घेऊन आत शिरल्या.

नावाडीबुवा खिडकीशी खुर्चीत बसले होते. हातात चहाचा कप, ओठांपासून वीतभर खाली. चहावर साय धरली होती. एक माशी मनगटावरून चालत बोटापर्यंत आली, निळ्या नखापाशी थांबली, उडाली. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हाक मारायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ज्यांच्या तोंडाचा पट्टा झोपेतही चालतो, त्यांना ते किती जड गेलं असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ऊन खिडकीतून सरकून खुर्चीच्या पायाशी आलं. छाती हलत होती. पापणी हलत होती. बाकी त्या खुर्चीत कुणी नव्हतं.

"सकाळी मी दिलेला चहा आहे तो," सासूबाई दारातून पुटपुटल्या. "पी म्हटलं की एक घोट घेतो. मग परत म्हणावं लागतं."

तेवढ्या पुटपुटण्याने कप उचलला गेला. नावाडीबुवांनी गार चहाचा घोट घेतला, बायकोला पाहिलं आणि हसले. "आज लवकर आलीस?" आणि कप पुन्हा त्याच जागी आला, वीतभर खाली.

बाई भिंतीला धरून खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. त्यांचा राग त्या निळ्या भुकटीवर नव्हता. ज्या आज्ञाधारक नवऱ्याचं कौतुक त्यांनी शेजारी सांगितलं होतं, त्या कौतुकावर होता.

मोठ्या बाईंनी चांगल्या मोठ्या डॉक्टरांना गाठलं, भुकटीत काय काय आहे ते कारखान्याकडून मागवून दिलं. डॉक्टर म्हणाले, अंगातून उतरेल, कदाचित. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. ओट्यावरच्या पिसवाही मोठ्या बाईंनी निव्वळ पाण्यात हलवून पाहिल्या. बऱ्याचशा एक एक करून तळाला गेल्या. काही मात्र तशाच टांगलेल्या राहिल्या. त्यांना कुणी टिचकी मारायची नाही, दाराला जाड कापड लावायचं, असा हुकूम सुटला.

घरात उलटा हुकूम होता. सासू-सुना आळीपाळीने हाका मारत. अहो, घास घ्या. अरे, चाव. अहो, गिळा. अहो, झोपा आता, डोळे मिटा. बाईंनी रजा काढली. हाकांनी घसा बसला तेव्हा त्या टेबलावर टिचकी मारू लागल्या, तीही चालायची. नवरा टिचकीसरशी जगायचा. हसायचा, एखादा शब्द बोलायचा, आणि विझायचा.

रोज एकदा बाई गप्प बसून बघत. आपणहून काही होतंय का? एकदा मान वळली. बाईंचं काळीज उसळलं. मग त्यांना आठवलं की आपण त्याआधी उसासा सोडला होता. एकदा पाय हलला, तेव्हा बांगडी वाजली होती. बाईंनी बांगड्या काढून ठेवल्या. तरी श्वासाचं काय करणार? बाई खोलीत असेपर्यंत त्या स्वतःच एक टिचकी होत्या, आणि नवऱ्यात काही उरलंय की सगळा आपल्याच आवाजाचा खेळ आहे, हे खोलीत बसून त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"बाहेर जा मग," सासूबाई म्हणाल्या. "मीही येते. पोर माझंही आहे."

दोघींनी चहा केला, कप नावाडीबुवांच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं. सासूबाई शेजारी जाऊन बसल्या. बाई रस्त्याच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या. तिथून खिडकीची काच दिसत होती आणि काचेमागे नवरा. वारा पडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चहाची वाफ दिसत होती तोवर बाईंना धीर होता. मग वाफ दिसेना. नवऱ्याचे डोळे काचेतून सरळ बाईंच्या बाजूला होते आणि बाई आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, की होतं, कोण जाणे. काळ्या डोळ्यांची ती ओळ बाईंना आठवली आणि त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं. त्या गेल्या नाहीत.

सावल्या लांबल्या. कप तसाच, वीतभर खाली. बाईंनी मनाशी हार मानली. जाऊ दे, आयुष्यभर हाका मारीन, असं त्या स्वतःला सांगत होत्या आणि पाऊल उचलणार होत्या, एवढ्यात काचेमागे काहीतरी हललं.

नावाडीबुवांच्या दुसऱ्या हाताचं बोट होतं ते. मांडीवरून सुटलं, थरथरत वर आलं, कपाशी पोचायला त्याला फार वेळ लागला. निळं नख अंगठ्यावर टेकलं आणि सुटलं.

टिचकीचा आवाज रस्त्यापलीकडे येणं शक्य नव्हतं. पण बाईंना तो ऐकू आला. कप उचलला गेला. नावाडीबुवांनी एक घोट घेतला आणि थांबले. पुन्हा अंधुकसं बोट हललं, पुन्हा नख सुटलं, पुन्हा घोट. आत खुर्चीत एकटा बसलेला तो माणूस टिचकी मारून स्वतःलाच बोलावत होता.

बाई हसत होत्या की रडत होत्या, ते शेजारणीला खिडकीतून कळेना. घरात जावं तर टिचकी मोडेल, म्हणून बाई तिथेच उभ्या राहिल्या, काळोख पडेपर्यंत. काळोखात काच दिसेनाशी झाली. मग त्या घरातून शिळेचे दोन सूर आले, मधे मोठा खंड, आणि पुढचा एक. चाल अर्धीच होती.